सोलर आत्ताच बसवू का अजून थोडं थांबू? हे कसं ठरवायचं

सोलर बसवावं का, असं हल्ली फारसं कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की आत्ता बसवू का अजून वर्षभर थांबू, पॅनेल आणखी स्वस्त होतील म्हणतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, थांबायचंच असेल तर गच्चीसाठी थांबा, पॅनेलच्या किमतीसाठी नको. असं का म्हणतोय ते पुढे येईलच, पण सुरुवात कुठून करायची ते आधी बघू.

१. आधी लाईटबिलं काढा

मागच्या बारा महिन्यांची सगळी बिलं घेऊन बसा आणि रक्कम बघू नका, युनिट बघा. रक्कम दर बदलला की बदलते, युनिट म्हणजे तुमचा खरा वापर. समजा महिन्याला सरासरी ३०० युनिट पडतात, म्हणजे रोजचे १०. एक किलोवॉटची सिस्टीम ऊन कसं आहे त्याप्रमाणे दिवसाला साधारण ३ ते ५ युनिट देते, मधले ४ धरले तर तुम्हाला अडीच किलोवॉट पुरेल. झाला हिशोब, कॅल्क्युलेटरपण लागत नाही.

पण पुढच्या दोन-तीन वर्षांत इलेक्ट्रिक गाडी येणार आहे का, एसी वाढणार आहे का, हेही आत्ताच घरात बोलून घ्या. पॅनेल नंतर वाढवता येतात, पण तेवढ्या क्षमतेचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा) नसेल तर तोही बदलावा लागतो आणि तिथे दुप्पट खर्च होतो. आणि तीन-चार वर्षांत घर विकायचं किंवा वर मजला चढवायचा विचार असेल तर बिलं परत कपाटात ठेवा, विषय संपला.

२. गच्चीचं वय बघा (इथे मी आपटलोय)

पॅनेल २५ वर्षं चालतात. दरवर्षी साधारण अर्धा टक्का क्षमता कमी होते, म्हणजे पंचविसाव्या वर्षीही नव्याच्या ८८ टक्क्यांच्या आसपास वीज मिळते. आता प्रश्न असा की खालचा स्लॅब तेवढी वर्षं हात न लावता राहणार आहे का?

आमच्याकडे एका कोपऱ्यात थोडी ओल होती, मी म्हटलं बघू नंतर, सोलरवाला पण म्हणाला काही होत नाही, आणि उत्साहाच्या भरात सगळं बसवून मोकळे झालो. दुसऱ्याच पावसाळ्यात बेडरूमच्या छताला पोपडे धरले. मग वॉटरप्रूफिंगवाला आला, वर बघितलं आणि म्हणाला हे सगळं उतरवल्याशिवाय मी हात लावणार नाही. पॅनेल काढणं, स्ट्रक्चर (पॅनेल ज्यावर बसतात तो सांगाडा) सोडवणं, काम झाल्यावर परत बसवणं, परत वायरिंग, त्यात महिनाभर सोलरची वीज बंद ती वेगळीच. एक वर्ष आधी वॉटरप्रूफिंग केलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

म्हणून ओल, तडे, पत्रा गंजलेला असं काहीही दिसत असेल तर आधी ते काम करा. स्ट्रक्चर स्लॅबमध्ये भोकं पाडून बसवणार का सिमेंटचे ठोकळे ठेवून, हेही विचारा. भोकं पाडणार असतील तर ती सील कशाने करणार ते लेखी घ्या. पत्रे किंवा कौलं असतील तर वजन पेलेल का हे एखाद्या जाणकाराला दाखवून घ्या, एकेक पॅनेल २० ते ३० किलोचं असतं आणि वर वाऱ्याचा जोर येतो तो वेगळा.

३. खडू घेऊन गच्चीवर जा

सोलरवाला येऊन दहा मिनिटांत जागा मोजून जातो. सावली मोजायला दिवस लागतो आणि ते काम आपणच करायचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता वर जायचं आणि पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारची बिल्डिंग, झाड, जे काय असेल त्याच्या सावलीची कड खडूने आखायची. तीन रेघा झाल्या की जी जागा कुठल्याच सावलीत येत नाही ती तुमची जागा. मला वाटायचं गच्ची अख्खी मोकळी आहे, रेघा मारल्यावर कळलं की टाकीच एक मोठा तुकडा खाऊन बसलीय.

हे हिवाळ्यात केलं तर सगळ्यात चांगलं, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब पडतात. उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरला दुपारची सावली वर्षातली सगळ्यात लांब असते.

एवढी सावली सावली का करतोय, तर पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. साधारण तीन भाग करून प्रत्येकाला एक बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारा छोटा पार्ट) दिलेला असतो, त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली पडली तरी तेवढाच तुकडा नाही तर तो अख्खा एक भाग बाद होऊ शकतो. सावली टळतच नसेल तर मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र चालवणारी उपकरणं) हा उपाय आहे, पण खर्च वाढतो. जागा म्हणाल तर एका किलोवॉटला नुसती पॅनेलच ५ चौरस मीटरच्या आसपास जातात, सपाट गच्चीवर रांगांमधली मोकळी जागा धरली की त्याच्या दीडपट-दुप्पट धरा.

४. आता तो थांबायचा प्रश्न

पॅनेल स्वस्त झाली हे खरंच आहे, मागच्या दहा-पंधरा वर्षांत तर प्रचंड. पण त्यामुळेच झालंय काय, की एकूण खर्चात आता पॅनेलचा वाटा पूर्वीएवढा राहिला नाही. उरलेला पैसा स्ट्रक्चर, इन्व्हर्टर, वायरिंग, मजुरी, परवानग्या यात जातो आणि लोखंड किंवा मजुरी स्वस्त होताना निदान मी तरी बघितलेली नाही.

दुसरं, जास्त ताकदीचं पॅनेल येईल म्हणून थांबणारे. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्सने सिलिकॉनचा सेल दाखवला तो पडणाऱ्या उन्हापैकी ६ टक्क्यांच्या आसपास वीज करायचा, आज घरावरची पॅनेल २० ते २३ टक्के आहेत, आणि साध्या सिलिकॉन सेलची कागदावरची मर्यादाच २९ टक्क्यांच्या जवळपास आहे. म्हणजे पुढच्या वर्षी दुप्पट वीज देणारं पॅनेल दुकानात येईल हे डोक्यातून काढा.

आणि थांबण्याचा खर्च? वरच्याच उदाहरणात वर्षाचे ३६५० युनिट, ते तुम्ही थांबलात त्या वर्षी विकत घ्याल. या युनिटांचे पैसे एका बाजूला आणि किंमत जेवढी उतरेल असं वाटतंय ते दुसऱ्या बाजूला लिहा, कागदावरच दिसेल.

घातलेले पैसे किती वर्षांत वसूल होतील हे काढताना दोन गोष्टी लोक विसरतात. सोलर लावलं तरी बिलातला स्थिर आकार राहतो, आणि इन्व्हर्टर १०-१५ वर्षांत एकदा बदलावा लागतो.

५. नियम

तुमच्याकडे नेट मीटरिंग आहे का, म्हणजे दुपारी ग्रिडला (वीज कंपनीच्या लाईनला) दिलेलं युनिट रात्री वापरलेल्या युनिटातून पूर्ण वजा होतं का, का त्याला कमी दर मिळतो, हे वीज कंपनीकडूनच विचारा. हे नियम कायमचे नसतात. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ मध्ये नव्या ग्राहकांसाठी ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला बराच खाली आला, आधी अर्ज केलेल्यांना मात्र जुनी पद्धत चालू राहिली. तेव्हा नियम बदलणार अशी पक्की बातमी असेल तर ते लवकर करायला चांगलं कारण आहे. सेल्समनने सांगितलेली "उद्या संपणारी स्कीम" हे कारण नाही.

बॅटरीचं थोडक्यात, लाईट गेली की साधं ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) सोलर पण बंद होतं, भर उन्हात सुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. लाईट वारंवार जात असेल तरच बॅटरीचा विचार करा, नाहीतर बॅटरी नंतर जोडता येईल असा हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन ठेवा.

६. महिना कुठला

लोकांना वाटतं कडक उन्हाळ्यात सगळ्यात जास्त वीज. ऊन जास्त असतं हे बरोबर, पण पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घट होते. तापलेल्या गच्चीवर सेल ६० अंशांना गेला की १० ते १४ टक्के गेले. म्हणून पॅनेलखाली हवा खेळायला जागा सोडायला सांगा.

पाऊस संपला की गच्ची वाळू द्या, मग काम काढा. अर्ज मात्र त्याच्या दोन-तीन महिने आधी टाका, कारण पॅनेल दोन-तीन दिवसांत बसतात आणि कागदपत्रं रेंगाळतात. दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर लागेपर्यंत सिस्टीम चालू करू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. काही जुने इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीज पण वापरात धरतात, म्हणजे वीज तुम्ही द्यायची आणि बिल पण तुम्हीच भरायचं. नवा मीटर लागला की त्या दिवशीच्या दोन्ही रीडिंगचा फोटो काढून ठेवा.