किनोआचा कडवटपणा कसा घालवावा

किनोआ छान मोकळा शिजतो, पण घास गिळल्यावर जिभेच्या मुळाशी साबणासारखी कडवट चव रेंगाळते. अशा वेळी चूक बहुतेकदा धुण्यात असते. दाण्याच्या बाहेरच्या सालीत सॅपोनिन नावाची कडू द्रव्यं असतात. रिठ्याला, शिकेकाईला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यांमुळे. किनोआ मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथे शेतात उभ्या पिकाला या कडवटपणाचा फायदाच होतो, कारण पाखरं त्याच्या वाटेला कमी जातात.

आधी परीक्षा करा. झाकणाच्या लहान पारदर्शक बाटलीत चमचाभर दाणे घाला, अर्धी बाटली पाणी भरा आणि अर्धा मिनिट जोरात हलवा. बोटभर फेस येऊन तो मिनिटभर तसाच राहिला, तर दाणा चांगलाच कडू आहे. चार बुडबुडे येऊन विरले, तर एकदा विसळलं तरी पुरे. पाकिटावर ‘धुतलेला’ लिहिलं असलं तरी ही परीक्षा चुकवू नका.

आता एक कप, म्हणजे साधारण १७० ग्रॅम किनोआ पातेल्यात घेऊन भरपूर गार पाणी घाला. पाच मिनिटं थांबा, मग तांदळासारखं नुसतं विसळू नका. दोन्ही तळव्यांत धरून मिनिटभर चोळा. सगळं काम या चोळण्यातच आहे. अँडीजमधल्या बोलिव्हिया देशात पूर्वापार दाणे आधी हलके भाजतात, दगडी कुंडात पायांनी तुडवतात, पाखडतात आणि मगच धुतात. साल घासल्याशिवाय सुटत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

पाणी ओतताना बारीक जाळीची गाळणी हवीच. भाताच्या चाळणीतून निम्मे दाणे मोरीत जातील. नवं पाणी, पुन्हा चोळणं, असं तीन ते पाच वेळा करा. फेस धरणं थांबलं की थांबा. पाणी नितळ होण्याची वाट पाहू नका, कारण फुटलेल्या दाण्यांच्या पिठामुळे ते थोडं गढूळ राहतंच. शेवटी चार दाणे चावून बघा. कडू लागले तर आणखी एक पाणी.

गरम पाण्याने धुतलं तर दाणा मऊ पडतो आणि चोळताना फुटतो. रात्रभर त्याच पाण्यात भिजवला तर कडू पाणी दाण्यातच मुरतं, शिवाय उन्हाळ्यात आंबूस वास येतो. वेळ वाचवायला मिक्सर फिरवला तर दाण्यांचा भुगा होतो आणि शिजल्यावर लापशी हाती येते. हे धुवण माशांच्या टाकीत किंवा तळ्यात ओतू नका. सॅपोनिन माशांना घातक असतं.

धुतलेला किनोआ गाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. ओल उडाली की खमंग वास सुटतो. पावणेदोन कप उकळतं पाणी आणि मीठ घाला, झाकण ठेवून बारीक आचेवर १२ ते १५ मिनिटं शिजवा. दाण्याच्या कडेने पांढरी शेपटी सुटलेली दिसली की गॅस बंद करा. झाकण आणखी पाच मिनिटं तसंच राहू द्या, मग काट्याने मोकळा करा.