एअरबॅगचा दिवा विझत नाही? मॉड्यूल विकत घेण्याआधी कार्पेट उचला

चावी 'ऑन'वर फिरवली की डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. विझलाच नाही तर यंत्रणेत दोष आहे आणि धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेल याचा भरवसा नाही. मुळात पेटलाच नाही तर जास्त सावध व्हा. जुनी गाडी विकताना दोष झाकायला दिव्याची वायरच तोडलेली असू शकते. चालकाची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या गाडीत ती आहे का, हे स्टीअरिंगवरच्या 'एसआरएस' (एअरबॅग यंत्रणेचं इंग्रजी लघुरूप) अक्षरांवरून कळतं.

मॉड्यूल म्हणजे धडक ओळखून एअरबॅग उघडणारी तळहाताएवढी डबी. बहुतेक गाड्यांत ती गिअरच्या पुढे, डॅशबोर्डच्या मधल्या भागाखाली पत्र्याला बोल्टने घट्ट बसवलेली असते. पिवळा प्लग आणि वर बाण, ही तिची खूण.

गोव्याच्या पावसात मला पहिला संशय पाण्याचा येतो. एसीची निचरा नळी तुंबली की पाणी बाहेर न जाता कार्पेटखाली मुरतं. माझ्या गाडीचा दिवा ऐन चवथीच्या तोंडावर पेटून राहिला. कार्पेट उचललं तर खालचा फोम चिंब आणि प्लगच्या पिना हिरव्या पडलेल्या. सीटखालचे पिवळे प्लगही बघा, पण हात लावण्याआधी बॅटरी सोडवा आणि खाली सांगितलंय तेवढा वेळ थांबा. हॉर्नही बंद असेल तर स्टीअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टीअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) तुटलेली असू शकते. एअरबॅगच्या बिघाडाचे कोड वाचणाराच स्कॅनर लावून घ्या. स्वस्तातले बरेच फक्त इंजिनाचे वाचतात. मॉड्यूलच्या आतला बिघाड किंवा अपघाताची नोंद दिसली, तरच ते बदला.

नवीन घेताना लेबलवरचा पार्ट नंबर तंतोतंत जुळवा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे नंबर वेगळे असू शकतात. भंगारातलं मॉड्यूल मी कधीच घेणार नाही. ते धडकेतून आलंय की पुरातून, कोण सांगणार?

चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून बाजूला बांधा आणि किमान दहा मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, एअरबॅग उडवण्याइतका चार्ज उरलेला असतो. एअरबॅगच्या वायरींना मल्टीमीटर लावू नका, त्याच्या करंटनेही ती उडू शकते. मग कन्सोल, म्हणजे गिअरभोवतीचं आवरण, काढा, प्लगचं लॉक उघडा, बोल्ट सोडा.

नवं बसवताना बाण गाडीच्या तोंडाकडेच हवा, कारण आतला सेन्सर धडकेची दिशा त्यावरूनच ओळखतो. खालचा पत्रा गंज काढून स्वच्छ करा, सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (ठरवून दिलेल्या जोराने) आवळा, प्लग 'टक' होईपर्यंत दाबा. बॅटरी जोडायची ती त्यानंतरच, आणि तेव्हा गाडीत कुणी बसलेलं नको. मॉड्यूल सुटं असताना चावी फिरवू नका.

पुष्कळ गाड्यांत नव्या मॉड्यूलला कोडिंग लागतं, म्हणजे ते संगणकाने त्या गाडीशी जुळवावं लागतं. ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या. कार्पेट परत घालण्याआधी फोम उन्हात खडखडीत वाळवा आणि निचरा नळी मोकळी करा, नाहीतर पुढच्या आषाढात नवी डबीही भिजेल.