म्हातारपणातलं अपेंडिक्स: या चुका टाळा

खान्देशात उजव्या कुशीत दुखलं की घरात पहिला शब्द निघतो तो मुतखडा. उन्हाचा मुलूख, दिवसभर शेतात, पिण्यात पाणी कमी. अंदाज वावगा नसतो. सत्तरीच्या माणसाचा मात्र याच अंदाजाने घात होऊ शकतो. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे वळलेलं असेल तर दुखणं पोटाऐवजी कुशीत, कमरेत येतं. सुजलेलं अपेंडिक्स मूत्रवाहिनीला टेकलं तर लघवीतही रक्तपेशी आणि पूपेशी दिसतात. तेवढा रिपोर्ट पाहून अपेंडिक्सचा विचार सोडून देणं ही सर्वांत मोठी चूक.

दुसरी चूक, तापाची वाट पाहणं. बेंबीभोवती कळ, मग उजवीकडे खाली दुखणं, उलटी, ताप हा क्रम तरुणांचा. वयस्कांना ताप नसेल, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतील, पोटही मऊ लागेल. बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर नाडीसुद्धा फारशी वाढत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्याही लक्षणं दाबतात. कधी आजी फक्त भाकरी बाजूला सारतात, नाहीतर असंबद्ध बोलू लागतात. “वय झालं” म्हणून ते सोडू नका. “पोट दुखी ऱ्हायनं” असं त्या सांगत असतील, तर कुठं दुखतं ते बोट ठेवून दाखवायला लावा.

बेंबी सरकली म्हणून पोट चोळणं, साफ व्हावं म्हणून एरंडेल देणं, एनिमा घेणं, यातलं काहीही करू नका. आतलं सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं. आणि चढत गेलेली कळ अचानक थांबली तर हायसं वाटून घेऊ नका. अपेंडिक्स फुटल्यावर काही वेळ बरं वाटतं, मग पू पोटभर पसरतो.

फुटलेल्याची रूपंही फसवी असतात. पू मागच्या बाजूने उतरून मांडीत गळू होतं, माणूस लंगडतो आणि उपचार सांध्याचे चालतात. पोट फुगून उलट्या होतात तेव्हा आतड्याला पीळ पडल्यासारखं वाटतं. ओटीपोटातलं अपेंडिक्स जुलाब लावतं. क्वचित ते जांघेतल्या हर्नियातच सापडतं. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अम्यांड या सर्जननं काढलेलं अपेंडिक्स असंच हर्नियातलं होतं. म्हणून तपासताना जांघ आणि मांडी उघडी करून पाहायलाच हवी.

सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही म्हणजे ते निरोगी आहे, असं होत नाही. आतड्यातल्या वायूमुळे ते झाकलं जातं. शंका राहिली तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून निघायचं असेल तर ‘उद्या सकाळी बघू’ म्हणू नका, आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

उजवीकडे पोटात अपेंडिक्सभोवती गाठ धरून आलेल्या रुग्णाला अँटिबायोटिकने आराम पडला, तरी सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, चुकवू नका. या वयात अपेंडिक्सचं तोंड कधी कधी आतड्याच्या कॅन्सरनं बंद झालेलं असतं.