गिअरबॉक्सचं बेरिंग घरी बदलायचंय? इंजिन खोलण्याआधीची तयारी

स्प्लेंडर, शाईन, पल्सर 150 अशा एका सिलिंडरच्या गाड्यांत गिअरबॉक्स वेगळा नसतो. क्रँक आणि गिअरचे दोन्ही शाफ्ट एकाच चेंबरमध्ये बसतात आणि ते चेंबर डावं-उजवं असं दोन भागांत उघडतं. सिलिंडर या दोन्ही भागांच्या जोडावर बसलेला असतो. त्यामुळे काहीशे रुपयांच्या बेरिंगपर्यंत पोचायला इंजिन खाली उतरवून हेड, सिलिंडर, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकी चाक) आणि क्लच असं सगळं काढावं लागतं. म्हणून तयारीची सुरुवात पान्यापासून नाही, निदानापासून करायची.

गाडी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये चालू करा आणि क्लच न दाबता ऐका. घरघर येत असेल आणि क्लच दाबल्यावर ती थांबत असेल, तर संशय इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लचने फिरणाऱ्या शाफ्टच्या बेरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच आवाज वाढला तर क्लचचं छोटं रिलीज बेरिंग बघा. ते क्लच कव्हर काढून बदलता येतं, चेंबरला हात लावायची गरज नाही. कोणत्याही गिअरमध्ये आवाज गाडीच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल तर आउटपुट शाफ्ट (पुढचं स्प्रॉकेट ज्यावर असतं तो), चेन किंवा मागचं चाक यांपैकी काहीतरी. इथे चेन उतरवून पुढचं स्प्रॉकेट हाताने वर-खाली हलवा. स्प्रॉकेट स्वतः शाफ्टवर थोडं हलतं, ते सोडून द्या; अख्खा शाफ्टच हलत असेल तर बेरिंग गेलं. तिथलं ऑइल सील नवीन टाकूनही पुन्हा पुन्हा गळत असेल, तरी कारण बहुधा हेच असतं. शाफ्ट डुलला की सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी रबरी कड, टिकत नाही. शेवटी ऑइल गरम असताना पांढऱ्या डब्यात काढा आणि चुंबक फिरवा. राखाडी बारीक पूड चालते. चमकणारे पापुद्रे निघाले तर बेरिंगच्या किंवा गिअरच्या कडक पृष्ठभागाचे तुकडे उडताहेत. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय; पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्यातून गेलेल्या गाड्यांत हे सर्रास दिसतं, आणि अशा वेळी एकच बेरिंग बदलून भागत नाही, गंज सगळ्यांनाच लागलेला असतो.

निदान पक्कं झालं की सुटे भाग आधी घरात आणून ठेवा. पार्ट्स कॅटलॉगमध्ये बेरिंगचा नंबर मिळतो, तरी तो वाचता यायला हवा. 6203 म्हणजे आतला व्यास 17 मिमी, बाहेरचा 40, जाडी 12. 6204 म्हणजे 20, 47 आणि 14. 6304 चा आतला व्यासही 20 च, पण बाहेरचा 52 आणि जाडी 15. दुकानदाराने एकाच्या जागी दुसरं ‘चालून जाईल’ म्हटलं तरी ते चालत नाही. 63/22 असं तिरप्या रेघेने लिहिलेलं असेल तर रेघेनंतरचा आकडा थेट मिलिमीटरमधला, म्हणजे 22. नंबरापुढची अक्षरंही जुळवून घ्या. सी3 म्हणजे आत जरा जास्त मोकळीक, झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, 2आरएस म्हणजे रबरी सील, एनआर म्हणजे बाहेरच्या रिंगवर खाच आणि त्यात तारेचं लॉक. ऑइलमध्ये बुडालेल्या गिअरबॉक्सला सहसा उघडं बेरिंग असतं. बंद बेरिंग जास्त टिकेल म्हणून स्वतःच्या मनाने तेच बसवू नका. त्याच्या आतल्या ग्रीसला इंजिनच्या उष्णतेची सवय नसते आणि सील फाटलं तर रबराचे तुकडे ऑइलच्या वाटेत जातात.

बेरिंग ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. या नंबरांत नकली मालही फिरतो. बेरिंग बनवणाऱ्या एसकेएफचा कारखाना चिंचवडला असला तरी पुण्याच्या बाजारात त्याच नावाची खोटी खोकी मिळतात. अस्सल-नक्कल तपासायला कंपनीचं ॲप आहे, ते वापरा. एनबीसी आणि एफएजीही उत्तम. दोन शाफ्टची मिळून चार ठिकाणं असतात. काही ठिकाणी बॉल बेरिंग असतं, काही ठिकाणी बुश (धातूची साधी नळी) किंवा गोळ्यांऐवजी सुया. एक बॉल बेरिंग गेलं असेल तरी सगळी बॉल बेरिंगं बदला. पुन्हा इंजिन उतरवण्याच्या कष्टांपुढे तो खर्च किरकोळ आहे.

बेरिंगबरोबर पूर्ण इंजिनचा पॅकिंग सेट लागेल: हेडचं, सिलिंडरखालचं, मधल्या जोडाचं, मॅग्नेट आणि क्लच कव्हरचं. स्प्रॉकेटकडचं, गिअर लिव्हरचं आणि किकचं अशी तीन ऑइल सीलं घ्या. त्यांचे आकार जुन्या सीलवर छापलेले असतात. गिअर शाफ्टवरची सगळी लॉकं (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या रिंगा, म्हणजे सर्कलिप) आणि पिस्टन पिनची दोन लॉकं नवीनच हवीत. एकदा ताणलेलं लॉक वरून चांगलं दिसतं आणि चालत्या गाडीत सुटतं. ऑइलच्या वाटेवरची बारीक ओ-रिंग सेटमध्ये आहे की नाही, ते दुकानातच बघा. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं आणि जासो एमए (ओल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचं जपानी मानक) लिहिलेलं असावं. कारच्या ऑइलमधल्या घसरण वाढवणाऱ्या द्रव्यांमुळे ओला क्लच घसरतो. इंजिन पूर्ण उघडल्यावर नेहमीच्या ऑइल बदलापेक्षा थोडं जास्त लागतं, तो आकडा पुस्तिकेत वेगळा दिलेला असतो.

हत्यारांत 8, 10, 12 आणि 14 चे टी-पाने आणि सॉकेट, फिलर गेज, व्हर्नियर, सर्कलिप प्लायर, नायलॉनची हातोडी आणि टॉर्क रेंच. मॅग्नेट पुलर आणि क्लच नटचं खाचांचं सॉकेट तुमच्याच मॉडेलचं हवं. छन्नीने नट फिरवणारे खूप आहेत, त्यांच्यामागून काम करणाऱ्याला विचारा. कव्हरचे फुलीचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात. साधा फिलिप्स बिट त्यातून वर सरकतो आणि डोकं खातो, म्हणून त्याच मापाचा बिट लावलेला इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. बेरिंग अडवणाऱ्या पट्टीच्या स्क्रूंना तर थ्रेडलॉकही (आटे सुटू न देणारा डिंक) लावलेलं असतं. हॉट एअर गनने ते गरम केल्याशिवाय ड्रायव्हर लावू नका. बसवताना तिथे निळं थ्रेडलॉक लागेल, एक छोटी बाटली ठेवा.

आता या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग: बेरिंगचं घर, म्हणजे चेंबरमधला ज्या गोल खाचेत बेरिंग बसतं ती जागा. बेरिंग बाजारात मिळतं. घर खराब झालं तर अख्खं चेंबर बदलावं लागतं. ठोकून बेरिंग काढलं की मऊ ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात, तिरकं बसवलं की घर लांबट होतं. म्हणून ठोकाठोकी नको, तापमान वापरा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. 47 मिमीचं घर 20 अंशांवरून 100 अंशांवर नेलं की सुमारे 0.08 मिमी मोठं होतं. नवीन बेरिंग रात्रभर डीप फ्रीजमध्ये उणे 18 ला ठेवलं की ते सुमारे 0.02 मिमी आकसतं. मिळून 0.1 मिमीची मोकळीक मिळते आणि बेरिंग हाताने सोडलं तरी टप्पकन तळाला बसतं. यासाठी इलेक्ट्रिक हॉट प्लेट किंवा जुना ओव्हन लागेल. स्वयंपाकाचा ओव्हन नको, चेंबरमधल्या ऑइलचा वास त्यातून जाणार नाही. गॅसची थेट ज्योत एका जागी लावली तर चेंबर वाकडं होतं. तापमान 100 ते 120 अंशांच्या मध्ये ठेवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन उडाला की पुरे. जाड चामडी हातमोजे आणि खाली ठेवायला लाकडाचे दोन ठोकळे तयार ठेवा. गरम चेंबर ठोकळ्यावर उलटं आपटलं की बरीच बेरिंगं स्वतःच गळून पडतात.

मागून बंद असलेल्या घरातलं बेरिंग तसं निघालं नाही तर आतून पकडणारा, सरकत्या वजनाचा ब्लाइंड पुलर लागतो. तो विकत न घेता लेथवाल्याकडून किंवा मोठ्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून आणा. आतल्या भोकात ग्रीस भरून दांडा ठोकायची युक्ती इथे चालत नाही, ग्रीस गोळ्यांच्या मधून निघून जातं.

नवीन बेरिंग अडकलं तरी घरात बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या रिंगवर. उलट केलंत तर गोळ्यांचे ठसे रिंगमध्ये उमटतात आणि नवं बेरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं. जुन्या बेरिंगची बाहेरची रिंग बाहेरून किंचित घासून ठेवली की दाबायला तेच उत्तम साधन होतं. घर चकचकीत गुळगुळीत दिसत असेल आणि बेरिंग थंड चेंबरमध्येही हाताने आत-बाहेर होत असेल, तर जुनी रिंग घरात फिरत होती असं समजा. फट 0.1 मिमीच्या आत असेल तर लॉकटाइट 641 या बेरिंग चिकटवायच्या द्रव्याने निभावतं. जास्त असेल तर लेथवर बुश बसवून घ्यावं लागेल, म्हणून लेथवाल्याची सुट्टी आधी विचारा. पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते.

जागेची तयारी सोपी आहे. स्वच्छ टेबल, पांढरं कापड, उजेड आणि झाकणांचे डबे. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर प्रत्येक कव्हरचा आकार काढून त्याच्या जागी भोकं पाडा आणि बोल्ट तिथेच खोचा. लांबी चुकली की लांब बोल्ट आत भिडतो आणि चेंबरचे आटे जातात. गिअर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने, वॉशरसकट, तारेत ओवा आणि मोबाइलवर फोटो काढत जा. धुवायला डिझेल घ्या, पेट्रोल नको, शेजारी हॉट प्लेट आहे. इंजिन वीसेक किलोच्या घरात जातं, उचलायला दुसरा माणूस बोलवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा, टाकी दुसऱ्या खोलीत.

चेंबर उघडताना जोडात स्क्रू ड्रायव्हर घालू नका. तिथे एक ओरखडा पडला की कायमची गळती. चेंबरच्या कानांवर, म्हणजे बाहेर आलेल्या जाड टोकांवर, नायलॉनच्या हातोडीने हलके ठोके द्या. उघडल्यावर गिअरचे दात, शेजारच्या गिअरमध्ये अडकणारे त्यांच्या बाजूचे ठोकळे आणि गिअर सरकवणाऱ्या फोर्कची टोकं बघून घ्या. कडा गोल झाल्या असतील तर याच फेरीत बदला. लॉकची धारदार बाजू गिअरच्या दाबाच्या उलट दिशेला तोंड करून बसवा. स्प्रॉकेटच्या शाफ्टवर सील चढवताना खाचांवर सेलोटेप गुंडाळा, नाहीतर ओठ कापला जातो. जोडावर सीलंट लावायचंच तर पातळ थर. जास्तीचं आत जाऊन ऑइलचं बारीक भोक बुजवतं.

दोन्ही भाग जोडून बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा, 6 मिमीच्या बोल्टला साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटर. मध्येच शाफ्ट हाताने फिरवून बघत राहा. जड झाला तर जोर लावू नका, एखादा वॉशर घसरलाय किंवा जागा चुकलाय. सिलिंडर चढवण्याआधीच सगळे गिअर एकेक टाकून पाहा.

गाडी पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून पंधरा-वीस किका मारा आणि हेडवरचं टॅपेटचं झाकण उघडून वर ऑइल पोचलंय का बघा. चेनचा झोल पुस्तिकेतल्या आकड्यावर ठेवा, बहुतेक गाड्यांत तो 20 ते 30 मिमी असतो. जास्त ताणलेली चेन आउटपुट शाफ्टचं डाव्या बाजूचं बेरिंग खाते. 300 ते 500 किमीला ऑइल बदला आणि निघालेलं ऑइल चुंबकाने पुन्हा तपासा.