खाडीपलीकडचा किल्ला : वॉरगेमची तयारी

वॉरगेम म्हणजे नकाशावर खेळून पाहिलेली लढाई. नकाशा पसरण्याआधी प्रश्न लिहून काढा, एका वाक्यात. ‘१७३७ ची साष्टी मोहीम खेळू’ हा प्रश्न नव्हे. ‘ठाण्याच्या किल्ल्याचं बांधकाम अपुरं आहे तोवर झडप घालावी, की आधी वसईहून येणारी पोर्तुगीज कुमक अडवावी?’ यावर एनसीसीची मुलं तासभर भांडतील. माणसं किती, वेळ किती, हे त्यावरूनच ठरतं. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत ठाणं १७३७ ला आणि वसई १७३९ ला पडली, हे मुलांना पाठ असतं. म्हणून एखादी गोष्ट गुपचूप बदला. कुमक एक दिवस आधी निघू दे.

किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, तेव्हा आतली पाहणी विसरा. कळव्याच्या पुलावरून खाडी बघून या, तीही ओहोटीला, म्हणजे चिखल दिसेल. नुसतं पाणी निळं रंगवून भागत नाही. भरती दिवसातून दोनदा, रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. मचवे कधी तरतील आणि कधी रुततील ते यावर, म्हणून एक चाल सहा तासांची धरा. नकाशावर जाड प्लॅस्टिक, पुसता येणारी पेनं, फासे, घड्याळ, बस्स.

दोन बाजू दोन खोल्यांत. १८२४ साली प्रशियात राइसवित्झ या लष्करी अधिकाऱ्याने वॉरगेमचे नियम छापले तेव्हाही शत्रूचं काय दिसतं ते पंचच ठरवी. हुकूम चिठ्ठीवर, मोबाइल जमा. नाहीतर हेरगिरी व्हॉट्सॲपवर होते.

सगळ्यात जास्त डोकं पंच निवडण्यात घाला. मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने मिडवेचा हल्ला टेबलावर खेळून पाहिला. जपानी जहाजांवर नऊ बॉम्ब लागले असं पंचाने ठरवलं, ते ॲडमिरल उगाकींनी तीनवर आणले, आणि बुडालेलं ‘कागा’ हे विमानवाहू जहाज पुढच्या खेळीत पुन्हा तरंगू लागलं. खरं ‘कागा’ जूनमध्ये मिडवेलाच बुडालं. अमेरिकेनेही २००२ च्या ‘मिलेनियम चॅलेंज’ या लष्करी वॉरगेममध्ये आपलं बुडालेलं आरमार वर काढलंच; लाल, म्हणजे शत्रूच्या बाजूचे सेनापती व्हॅन रायपर निरोप मोटारसायकलस्वारांकडून धाडत होते, म्हणून ते ऐकताच येत नव्हते. तेव्हा पंच असा हवा, जो मुख्याध्यापकांना ‘सर, तुमचे मचवे रुतले’ असं तोंडावर सांगेल. शत्रूची बाजूही गुणी मुलांना देऊ नका, खोडकरांना द्या.

प्रत्येक खोलीत एक लेखनिक बसवा. त्याने चाल नव्हे, चालीमागचं कारण टिपायचं; दहा मिनिटांनी ते कारण खुद्द सेनापतीलाही आठवत नाही. चहा चर्चेच्या आधी, मध्ये नको. चर्चेला एकूण वेळेचा तिसरा हिस्सा राखून ठेवा. हरलेली बाजू आधी बोलेल, मग जिंकलेली, आणि शेवटी पंच कुठे निव्वळ फाशाने हात दिला ते सांगेल. हॉल अजून ताब्यात असेल तर बाजू बदला आणि तोच हल्ला भांगाच्या दिवशी लावा.