फायरमन व्हायचंय? आधी पाणी ओळखा

दहावी-बारावी झालेली, अंगात रग असलेली मुलं भेटली की विचारतात, "दादा, फायरमनच्या भरतीला काय लागतं?" कागदावर काय लागतं ते पुढे सांगतोच. पण आधी पाण्याबद्दल सांगतो, कारण नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी आगीपेक्षा पाण्याबद्दलच जास्त शिकलो.

बंब हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला, त्याचा अर्थ पंप. आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब आणि आमची लाल गाडी, दोघांचं नाव एकच. नव्या मुलाला गाडी म्हणजे पाण्याची मोठी टाकी वाटते. साधा हिशेब करा. टाकी ४५०० लिटरची आणि एका ब्रँचमधून, म्हणजे होजच्या (पाण्याच्या लांब पाइपच्या) टोकाला हातात धरतो त्या नळीतून, मिनिटाला साडेचारशे लिटर पाणी गेलं, तर दहा मिनिटांत टाकी कोरडी. दोन ब्रँच सोडल्या तर पाचच मिनिटं. म्हणून पहिली गाडी आगीवर पोचेपर्यंत पुढचं पाणी कुठून येणार हे ठरलेलं असावं लागतं. जवळ विहीर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी पंपापासून सात मीटरपेक्षा खोल गेलं की सक्शन धरत नाही, म्हणजे पाणी वर ओढलं जात नाही, पंप कितीही दणकट असला तरी. आपल्या कोल्हापूरच्या पेठांत कुठे हौद, कुठे विहीर, कुठल्या बोळात गाडी वळत नाही, हे जुन्या लोकांना तोंडपाठ असतं. नोकरी लागल्यावर सुट्टीच्या दिवशी शहर चालत फिरा. मी गंगावेशीपासून शाहूपुरीपर्यंत असा फिरलोय, वही घेऊन.

आमच्यात आगीची खबर आली की 'वर्दी आली' म्हणतात. माझ्या पहिल्या मोठ्या वर्दीला एक पोत्यांचं गोदाम पेटलं होतं. ज्वाळा छपराला लागलेल्या, मी ब्रँच धरून थेट ज्वाळांवर पाणी मारत होतो. मागून तांडेल मामांनी, म्हणजे आमच्या तुकडीच्या म्होरक्याने, खांदा दाबला. "जाळावर काय मारतोयस? बुडात मार." ज्वाळा म्हणजे तापलेल्या मालातून सुटलेला, पेटलेला वायू. माल थंड झाला नाही तर तो वायू सुटतच राहतो. हे पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी. तासाभरात ज्वाळा गेल्या आणि मला वाटलं, संपलं. खरं काम तिथून सुरू झालं. एकेक पोतं ओढून बाहेर काढायचं, फाडायचं, आतली धग विझवायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तेच करत होतो. ते आळसाने सोडलं तर रात्री त्याच पत्त्यावरून पुन्हा वर्दी येते.

पाणी कुठे मारायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. कोल्हापूरच्या आजूबाजूला, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, फौंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचे कारखाने, आहेत. तिथे आग लागली की आत शिरण्याआधी कामगारांना पहिला प्रश्न विचारायचा: "भट्टीत रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, आहे का?" पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी अडकलं तर ती वाफ रस उडवूनच बाहेर पडते, आणि समोर माणसं असतात. तिथे कोरडी वाळू लागते. पेटत्या तेलावर फोम लागतो. विजेच्या पॅनलला वीज बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय पाण्याचा थेंब लागता कामा नये.

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कुठल्याच कोल्हापूरकराला सांगावी लागत नाही. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ पासून उभं असलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लाकडी रंगमंच, पडदे, खुर्च्या, वर छपराचं लाकूड. आगीला जे हवं ते सगळं एका छताखाली. बाहेर लोक रडत होते. माझे वडील तिथे नाटक बघून मोठे झाले, मीही. होज धरलेल्या हाताला हे सगळं माहीत असतं. तरी पेटत्या छपराखाली माणूस पाठवायचा नाही, हा नियम तिथेही तोच. छप्पर कोसळलं, दगडी भिंती उभ्या राहिल्या. शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूने पाणी मारताना एक जवान ओरडत होता, "अजून दाब द्या, अजून द्या." त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग पूर. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३ फुटांची. अशा वेळी आम्ही बंब ठेवून बोटीत बसतो. पुराच्या पाण्यातून जाताना एरवी मान वर करून बघायच्या विजेच्या तारा हाताशी येतात. कुंपणाचे खांब पाण्याखाली गेलेले असतात, ते बोट फाडतात. आणि माणसं घर सोडायला तयार होतात, पण गोठ्यातली म्हैस सोडायला तयार होत नाहीत. एका आजींना पाऊण तास समजावलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "दावं कापून दे, मग येते." दावी कापली, म्हशी उंचवट्याकडे पोहत गेल्या, आजी बोटीत बसल्या. तेव्हापासून माझ्या खिशात धारदार सुरी असते.

आता कागदपत्रांचं. अग्निशमन सेवा हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे नागरी संस्थांकडे येणारं काम आहे, म्हणून भरती महापालिका, नगरपालिका आपापल्या जाहिरातीने करतात. अग्निशमन जवान, म्हणजे फायरमन, व्हायला मुंबईत सांताक्रुझ-कालिना इथल्या राज्य प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्यात जास्त कामाला येतो. पुरुषांना साधारण १६५ सेंटीमीटर उंची, ५० किलो वजन, न फुगवता ८१ सेंटीमीटर छाती मागतात. पण दर जाहिरातीत अटी नीट वाचा, कुणाच्या ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका. अधिकारी व्हायचं असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. मुलींनीही हे वाचत असाल तर मागे राहू नका. हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये त्याच महाविद्यालयात प्रवेश घेऊन वाट पाडली. अवजड वाहनाचा परवाना असेल तर चालक-यंत्रचालकाची जागाही बघा. दाब सांभाळणारा चालक चांगला असला की आत गेलेल्यांचा जीव निर्धास्त असतो.

वर्दी नसलेल्या पाळीत काय करता, असं विचारतात. हजेरी, परेड, मग गाडी. डिझेल, टाकीची पातळी, पंप चालवून बघणं, श्वसनयंत्राच्या सिलिंडरचा दाब. एकेक होज उलगडून छिद्रं बघणं. वर्दीवरून आल्यावर होज धुऊन वाळवणं, ओली गुंडाळली तर कुजते. दुपारी हॉटेलं, दवाखाने, गोदामं यांची तपासणी, २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे. जिना अडवून ठेवलेल्या खोक्यांवरून दुकानदाराशी वाद होतात. ते वाद मी मनापासून घालतो, कारण धुरात तो जिना आम्हाला चाचपडत शोधावा लागतो. गणपतीत इराणी खणीवर आणि घाटावर बंदोबस्त. पावसाळ्यात पडलेली झाडं.

मैदानी चाचणीची धावण्याची तयारी सगळेच करतात. पोहता येत नसेल तर येत्या उन्हाळ्यात, जाणत्या माणसाला काठावर उभं करून, विहिरीत शिका. आधी पाठीवर तरंगायला शिका, हात मारणं नंतर.