पीएचडी करताय? पेपरच्या घाईत या चुका टाळा

पीएचडीची नोंदणी झाली की नातेवाईक विषय विचारतात आणि विभागातले सीनियर विचारतात, ‘पेपर किती झाले?’ हा दुसरा प्रश्न मग पाठ सोडत नाही. फेलोशिपचा अहवाल, सहायक प्राध्यापकाची मुलाखत, नंतरचं प्रमोशन, सगळीकडे मोजदाद पेपरचीच. या दडपणाखाली होणाऱ्या बहुतेक चुका लबाडीतून होत नाहीत. वेळेवर कुणी नीट सांगितलेलं नसतं म्हणून होतात. त्यातल्या बऱ्याचशा एका सवयीने टळतात. आपण काय केलं, कसं केलं आणि कुणी केलं, हे पहिल्या दिवसापासून दुसऱ्याला तपासता येईल असं ठेवायचं. खुलं विज्ञान हे नाव मोठं वाटतं, पण संशोधक विद्यार्थ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच आहे.

‘सात दिवसांत छापून देतो’

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘आदरणीय डॉक्टर’ म्हणणारा मेल आला, विषयाचा पत्ता नसताना लेखाचं कौतुक केलेलं असलं आणि खाली फीचा आकडा असला, की तो मेल पुसून टाकावा. अशा जर्नलांत तपासणी होतच नाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या वतीने जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक बनावट लेख ३०४ मुक्त-प्रवेश, म्हणजे वाचकाला मोफत असलेल्या, जर्नलांना पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. स्वीकारणाऱ्यांत भारतातून चालणारी जर्नलं बरीच होती.

आपल्याकडे यादीवर विसंबण्याची सवय आहे, आणि तिचा फटका बसलेला आहे. मे २०१८ मध्ये यूजीसीने आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली. ज्यांनी त्यात पैसे भरून लेख छापले होते, त्यांच्या हाती काय उरलं? त्यानंतर यूजीसीची ‘केअर’ नावाची नवी जर्नल-यादी आली. तिच्या कामाचं केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. म्हणजे आज एखादं जर्नल ‘यूजीसी केअर लिस्टेड’ असं मिरवत असेल तर ते जुन्या भांडवलावर गिऱ्हाईक शोधतंय. जर्नल पारखायची जबाबदारी आता संस्थेवर आणि तुमच्यावर आहे.

पारखायचं कसं? ‘स्कोपस इंडेक्स्ड’, म्हणजे स्कोपस या लेखसूचीत नोंदलेलं, असा दावा असेल तर जर्नलच्या वेबसाइटवरचं बोधचिन्ह पाहू नका. स्कोपसची स्रोतयादी उघडून आयएसएसएन टाका. नोंद सापडली तरी पुढे ‘समाविष्ट करणं थांबवलं’ असा शेरा आहे का, ते बघा. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला, हे सांगणारा क्लॅरिव्हेट कंपनीच्या वार्षिक अहवालातला आकडा. त्याच्या मागेपुढे ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असं काही लावलेले फॅक्टर सोडून द्या. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. नामवंत जर्नलचं नाव चोरून तशीच वेबसाइट उभी करणारेही आहेत. मागे घेतलेल्या लेखांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचने अशा जर्नलांची यादी खुली ठेवलेली आहे. आणि सर्वांत सोपी, तरीही फारच थोडे जण करतात ती गोष्ट: त्या जर्नलमधले अलीकडचे तीन लेख वाचा. तुमच्या विषयातला लेख वाचून तुम्हालाच खटकलं, तर पुढे बघायचं कारण नाही.

आणखी एक गैरसमज घाई वाढवतो. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही यूजीसीची अट नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत निघाली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असू शकते, म्हणून परिपत्रक वाचा. पण कुणीतरी सांगितलं म्हणून शेवटच्या महिन्यात पैसे भरू नका.

लेख सर्वांना खुला करायचा म्हणजे पैसे भरूनच, हेही खरं नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकं वाचकाला मोफत आहेत. बऱ्याच जर्नलांत तुमच्या लेखाची स्वीकारलेली, पण अजून मांडणी न झालेली प्रत विद्यापीठाच्या संग्रहात ठेवायला परवानगी असते. तिचे नियम प्रकाशकाच्या पानावर असतात. वाचायच्या बाबतीत तर परिस्थिती बदलली आहे. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० ई-जर्नलं. सरकारी संस्थेत असाल तर ग्रंथपालांना विचारा. लेख मिळत नाही म्हणून नुसता सारांश वाचून संदर्भ देण्याचं कारण त्यामुळे बरंच कमी झालंय.

डेटाच्या फाइलमध्ये काहीतरी बिघडलंय, पण कुठे ते सापडत नाही

या चुकीवर मी जास्त लिहिणार आहे, कारण ती सर्वांकडून होते आणि कुणाच्या नजरेस येत नाही.

समजा, तुम्ही एखाद्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांचं सर्वेक्षण केलं. प्रश्नावलीवर सर्व्हे नंबर १२/३ आहे. तो एक्सेलमध्ये टाइप करून एंटर दाबलं की १२ मार्च होतो. वयोगटाच्या रकान्यात ५-१० लिहिलं की ५ ऑक्टोबर. गावाच्या कोडाच्या सुरुवातीचं शून्य गायब होतं. नंतर रकान्याचं स्वरूप बदललं तरी मूळ आकडा परत येत नाही, कारण एक्सेलने आत तारखेचा अनुक्रमांक साठवलेला असतो. चारशे ओळींच्या फाइलमध्ये अशा वीस जागा असल्या तर तुमचा तक्ता चुकतो आणि कळतही नाही.

ही नवशिक्यांची चूक आहे असं समजू नका. ‘सेप्ट२’ आणि ‘मार्च१’ अशा नावांची जनुकं एक्सेलमध्ये तारखा होऊन बसायची. २०१६ च्या एका तपासणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या लेखांपैकी साधारण पाचातल्या एका लेखात अशा चुका निघाल्या. शेवटी या जनुकांची नावंच बदलली गेली.

उपाय टाइप करण्याआधीचा आहे. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. प्रश्नावलीवरून भरलेली पहिली फाइल फक्त वाचण्यापुरती करून वेगळी ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. साफसफाई दुसऱ्या प्रतीत करा आणि काय बदललं, का बदललं ते तारखेनिशी एका साध्या फाइलमध्ये लिहीत चला. ‘ओळ २१७, वय ३५० होतं, मूळ फॉर्मवर ३५, दुरुस्त केलं’, एवढं पुरे. प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि १ म्हणजे काय, २ म्हणजे काय, याचं टिपण सोबत हवं. जमेल तर विश्लेषण आर, पायथन किंवा जामोवी अशा मोफत सॉफ्टवेअरमध्ये करा आणि त्याच्या पायऱ्या जपा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सरांनी पाहिलेली’ अशा फाइलींच्या गर्दीत व्हायवाच्या आदल्या रात्री खरा तक्ता शोधणं फार वाईट असतं.

दुसऱ्याने तपासलं तर आपली नाचक्की होईल, ही भीती असते. तिच्यासाठी एक खरी गोष्ट सांगतो. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी मांडलं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की विकास दर घसरतो. त्यांच्या तक्त्यात त्या गटाची सरासरी उणे ०.१ टक्के होती. खर्चकपातीच्या बाजूने बोलणारे राजकारणी या लेखाचा हवाला देऊ लागले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तेच आकडे पुन्हा काढायला बसला. ते जुळेनात. त्याने लेखकांकडे फाइल मागितली आणि त्यांनी ती पाठवली. सरासरीचं सूत्र पाच ओळी आधीच थांबलेलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे देश बाहेर राहिले होते. ही आणि नमुन्याच्या निवडीतल्या, वजन देण्याच्या पद्धतीतल्या इतर अडचणी दूर केल्यावर २०१३ मध्ये हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी काढलेला आकडा होता अधिक २.२ टक्के. एक्सेलची चूक मूळ लेखकांनी मान्य केली. निष्कर्षावरचा वाद पुढे चालू राहिला. माझ्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट म्हणजे फाइल दिली गेली. ती दिली नसती तर हा आकडा तसाच वापरात राहिला असता.

‘डेटा खुला केला तर कुणी चोरेल’ या शंकेलाही उत्तर आहे. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या झेनोडो या संग्रहात फाइल मोफत ठेवता येते, तिला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो आणि तारखेची नोंद राहते. काही काळ ती बंद ठेवून नंतर खुली करण्याचीही सोय आहे. प्रीप्रिंटचंही, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधीच खुल्या ठेवलेल्या लेखाचंही, तसंच. आधी कुणी केलं, याचा पुरावा तारीखच देते.

मात्र खुलं करण्याआधी माणसं झाका. नाव आणि फोन काढला म्हणजे झालं, असं नसतं. गावाचं नाव, जात, जमिनीचं क्षेत्र आणि ‘विधवा’ हे चार रकाने एकत्र आले की लहान गावात ती बाई कोण, हे कुणीही सांगेल. सर्व्हे नंबर तर सरळ सातबाऱ्यावर नेतो. असे रकाने काढा, गट मोठे करा. आणि ‘नावाशिवाय ही माहिती इतर अभ्यासकांना दिली जाईल’ हे वाक्य संमतिपत्रात सुरुवातीलाच, समोरच्याला कळेल अशा मराठीत हवं. तेव्हा विचारलं नसेल तर नंतर ती माहिती खुली करण्याचा हक्क तुम्हाला नाही.

सगळी गृहीतकं ‘सिद्ध’ झाली

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर प्रबंध चाळा. प्रकरण पाचमध्ये एकापाठोपाठ एक गृहीतक सिद्ध झालेलं दिसेल. दर वेळी असं होत नसतं. निकाल पाहून गृहीतक बदललेलं असतं, किंवा पाच चाचण्यांतली जुळलेली एकच सांगितलेली असते. २०१५ मध्ये ‘ओपन सायन्स कोलॅबोरेशन’ या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निकाल होता. पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत आला.

इथे आपल्या पद्धतीत एक चांगली गोष्ट आधीच आहे, तिचा उपयोग करा. विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे (आरआरसी) मंजूर झालेल्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, तुमची गृहीतकं तारखेनिशी असतात. मंजूर सिनॉप्सिससाठी इन्फ्लिबनेटचा शोधगंगोत्री हा ऑनलाइन संग्रह आहे, तिथे ती जाऊ द्या. नंतर काही बदलावं लागलं तर पद्धतीच्या प्रकरणात ‘मूळ आराखड्यापासून झालेले बदल’ असा परिच्छेद लिहा. गृहीतक सिद्ध झालं नाही, तर तसं लिहा. व्हायवात त्यावर प्रश्न आला तर तुमच्याकडे सांगायला काहीतरी असतं. सगळं जुळवून आणलेल्याकडे नसतं.

रुग्णांवर उपचारांची चाचणी करणाऱ्या एमडी, आयुर्वेद किंवा फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना इथे सवलत नाही. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधीचीच नोंदणी चालते. प्रबंध लिहिताना नोंदणी आठवली तर उशीर झालेला असतो.

टक्का कमी करण्याची खटपट

यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांनुसार प्रबंधाचं इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. यातून खेळ सुरू होतो तो आकड्याचा. शब्द बदलून देणारं सॉफ्टवेअर वापरलं जातं आणि मग ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ होतं. गिओम कबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ पासून अशा पिळवटलेल्या शब्दप्रयोगांवरून बोगस लेख पकडायला सुरुवात केली. म्हणजे टक्का कमी करायची युक्तीच आता पकडली जाण्याची खूण झाली आहे.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. इंग्रजी लेखाचं भाषांतर सॉफ्टवेअरला सापडलं नाही, तरी संदर्भाशिवाय ते वाङ्मयचौर्यच आहे. एआयकडून मिळालेला प्रत्येक संदर्भ डीओआय टाकून उघडून पाहा. अस्तित्वात नसलेले लेखही तो आत्मविश्वासाने देतो.

लेखकांच्या यादीत नको ती नावं

विभागप्रमुखांचं नाव शिष्टाचार म्हणून, मित्राचं नाव परतफेड म्हणून. नाव देणाऱ्याला ही मदत वाटते. उद्या लेखात खोट निघाली की ते सगळे जबाबदार, आणि ज्याने खरं काम केलं त्याचा वाटा पुसट. काम सुरू होतानाच ‘सर, या पेपरमध्ये कुणाचं काय काम आहे ते लिहून ठेवूया का?’ एवढं विचारणं गैर नाही. क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी यासाठीच आहे: कल्पना, डेटा गोळा करणं, विश्लेषण, मसुदा वगैरे. ती मधे ठेवली की बोलणं माणसांवर न जाता कामावर राहतं. गाईडनी स्वतःहून ती काढली तर आणखी बरं. पुढाकार विद्यार्थ्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, लगेच काढा, मोफत आहे. आडनावाची स्पेलिंग तीन प्रकारांनी छापली जात असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तरी काम एका जागी राहतं. बायोडाटात डेटासंच, कोड, मराठीत तयार करून प्रमाणित केलेली प्रश्नावली यांनाही जागा द्या. संशोधन जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून जोखू नये, असं सांगणारा डोरा जाहीरनामा २०१२ च्या चर्चेतून आला. निवड समित्यांनी तो मनावर घ्यायला हवा. तोवर निदान मुलाखतीत तुमच्याकडे दाखवायला आकड्यापलीकडचं काही असेल.

चूक होऊन गेली असेल तर

लेख बोगस जर्नलकडे गेला आहे, पण छापलेला नाही: कॉपीराइटच्या कागदावर सही करू नका आणि मागे घेत असल्याचा मेल पाठवा. परत घेण्यासाठी फी मागितली तर देऊ नका. सगळा पत्रव्यवहार जपा, गाईड आणि ग्रंथपालांना दाखवा. मागे घेतल्याचं लेखी उत्तर आल्याशिवाय तोच लेख दुसरीकडे पाठवू नका. उत्तरच येत नसेल, तर नव्या जर्नलच्या संपादकांना आधी सगळी हकीकत कळवा आणि ते सांगतील तसं करा.

छापून झाला असेल तर तोच मजकूर पुन्हा छापता येत नाही. डेटा चांगला असेल तर त्यावर नवं, पुढचं विश्लेषण करा आणि आधीच्या लेखाचा उल्लेख करा.

चांगल्या जर्नलमधल्या आपल्याच लेखात चूक सापडली तर आधी सहलेखकांना लेखी कळवा, मग संपादकांना. निष्कर्ष टिकत असेल तर शुद्धिपत्र निघतं, टिकत नसेल तर लेख मागे घ्यावा लागतो. पत्रात चूक कुठल्या तक्त्यात आहे, कशामुळे झाली आणि दुरुस्त आकडा काय आहे हे लिहा आणि दुरुस्त केलेली फाइल सोबत जोडा.